साटंलोटं, सेंटिमॉर्गन आणि आत्याचा ओटीपी

वंशावळीच्या या सदरात यंदा आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत. नातेवाइकांच्या डीएनए चाचण्या करून घेतल्या, अहवाल आले. आता ते सांभाळायचे कसे आणि त्यातून काय वाचायचं? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रांत घरातल्या गोष्टी असल्यामुळे कुणाचंच नाव छापलेलं नाही.

प्रश्न : आजोबा नाहीत. आजी ८४ वर्षांची आहे, तिची धाकटी बहीण आहे, बाबा आणि दोन आत्या आहेत. आम्ही तीन भावंडं. पैसे चारच किटचे आहेत. कुणाकुणाची चाचणी करावी? (महाल)

सगळ्यात आधी आजीची, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नका. त्यानंतर तिच्या बहिणीची. सख्ख्या बहिणींनाही आईवडिलांकडून वेगवेगळे तुकडे आलेले असतात, त्यामुळे तुमच्या खापरपणज्यांपर्यंत जाणारा जो भाग आजीत नाही, तो तिच्या बहिणीत सापडू शकतो.

आजोबा आता त्यांच्या मुलांमधूनच मिळतील. एका अपत्यात वडिलांचा निम्मा डीएनए असतो, दोघांत मिळून सरासरी ७५ टक्के, तिघांत ८७.५ टक्के. आजीची चाचणी झालेली असली की हिशेब सोपा होतो: बाबांच्या ज्या मॅच (डीएनए जुळतो म्हणून साइट यादीत दाखवते ती माणसं) आजीशी जुळत नाहीत, त्या आजोबांकडच्या. म्हणून तिसरं किट बाबांचं. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे आडनावाची सरळ रेषा तपासायची झाली तर आत्यांचा उपयोग नाही, बाबाच लागतील. चौथं किट थोरल्या आत्याचं.

तुम्हा तिघा भावंडांची चाचणी या बाजूसाठी करू नका. वडिलांकडचं जे काही तुमच्यात आहे, ते सगळं बाबांमध्ये आहेच. पुढच्या वर्षी पैसे जमले तर आजोबांच्या चुलत भावाच्या नातवापेक्षा मुलाला आधी विचारा. पिढी जितकी वरची, तितका जुळणारा भाग मोठा.

प्रश्न : मोठ्या बाबांचा लाळेचा नमुना दोनदा 'अपुरा' म्हणून बाद झाला. वय ७२, खर्रा खातात. तिसऱ्यांदा पाठवू का? (मानेवाडा)

पाठवा, पण सकाळी उठल्याउठल्या घेऊन. सूचनांमध्ये 'आधी ३० मिनिटं काही खाऊ-पिऊ-चघळू नये' एवढंच लिहिलेलं असतं. दिवसभर खर्रा दाढेत असलेल्या माणसाला ते पुरत नाही. लॅबला लाळेतून गालाच्या आतल्या पेशी आणि पांढऱ्या रक्तपेशी हव्या असतात. सुपारीचा भुगा आणि चुना आला की नळी भरलेली दिसते, पण कामाचा माल कमी निघतो. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा, अर्धा तास थांबा, मग नमुना घ्या. चहा, ब्रश, खर्रा हे सगळं त्यानंतर. कवळी असेल तर काढून ठेवा.

नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ हवी. वरचा फेस त्यात धरायचा नाही, आणि नमुने बाद होण्याचं हेही एक नेहमीचं कारण आहे. तोंड कोरडं पडत असेल तर गाल बाहेरून चोळा, समोर लिंबू कापून ठेवा. नळी भरली की झाकणातलं द्रव पूर्ण खाली उतरलं का ते पाहून मगच हलवा. ते द्रव नमुना टिकवतं. म्हणून साध्या खोलीत तो काही आठवडे ठीक राहतो, पण नवतप्याच्या कडक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून पोस्टात जाऊ नका.

तरीही जमलं नाही तर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची असते ते किट घ्या. काडी जोर देऊन फिरवावी लागते, नुसती टेकवून चालत नाही, आणि तिच्या टोकाला बोट लागू द्यायचं नाही. खर्ऱ्यामुळे तोंडच पुरेसं उघडत नसेल, तर वंशावळ नंतर, आधी दंतवैद्य.

आणखी एक. नवरा-बायकोचे नमुने एकाच टेबलावर एकाच वेळी घेऊ नका. नळ्यांची अदलाबदल होते, आणि ती सहा आठवड्यांनी कळते.

प्रश्न : माझी आणि आतेभावाची चाचणी झाली. १,५४८ सेंटिमॉर्गन (जुळणाऱ्या डीएनएचं माप) जुळतात आणि साइटने 'हाफ सिब्लिंग', म्हणजे एकच पालक सामाईक असलेलं भावंड, असा अंदाज दिला. घरात कुणाला सांगावं कळत नाही. आत्या माझ्या सख्ख्या मामांनाच दिलेली आहे, त्यामुळे त्याला आतेभाऊ म्हणायचं की मामेभाऊ यावरून लहानपणी आम्ही भांडायचो. (सक्करदरा)

कुणालाच काही सांगू नका, कारण सांगण्यासारखं बहुधा काही नाही. तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे.

तुमच्या घरी साटंलोटं झालेलं आहे. बाबांची बहीण मामांना दिली आणि मामांची बहीण, म्हणजे तुमची आई, बाबांना. त्यामुळे तुम्हा दोघांचे आजी-आजोबा आईकडूनही तेच आणि वडिलांकडूनही तेच. साध्या आतेभावाशी दोनच आजी-आजोबा सामाईक असतात, तुमचे चारही आहेत. साध्या आते-मामे-चुलत-मावस भावंडांत सरासरी ८७० च्या आसपास सेंटिमॉर्गन जुळतात, साधारण ४०० ते १,४०० च्या दरम्यान. दुहेरी नात्यात हा आकडा १,५०० च्या आसपास जातो. काही साइट दोन्ही बाजूंनी जुळणारे तुकडे दोनदा मोजतात, तिथे तो १,७५० पर्यंत दिसतो. हाफ सिब्लिंगची सरासरीही १,७५० च्या जवळच आहे. साइटच्या तक्त्यात साटंलोटं हा रकानाच नाही, म्हणून तिने जवळचं लेबल चिकटवलं.

खात्री करण्याचा मार्ग मात्र आहे. एकच पालक सामाईक असलेल्या दोघांचं जुळणं नेहमी एकाच बाजूचं असतं: गुणसूत्रांच्या जोडीपैकी एक प्रत जुळते, दुसरी नाही. तुमच्यासारख्या दुहेरी भावंडांत काही ठिकाणी दोन्ही प्रती एकाच वेळी जुळतात, साधारण सोळाव्या हिश्श्यावर. सख्ख्या भावंडांत चौथ्या हिश्श्यावर.

हे पाहायला दोघांच्या मूळ डेटाच्या फाइली दोघांच्याही परवानगीने जीईडीमॅच या साइटवर चढवा, तिथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली एकमेकींशी जुळवून पाहता येतात. 'वन-टू-वन' तुलना निवडा, दोन्ही किट क्रमांक टाका आणि निकाल चित्रासह मागा. प्रत्येक गुणसूत्राची एक आडवी पट्टी येते. लाल म्हणजे काहीच जुळत नाही, पिवळं म्हणजे एक प्रत जुळते, हिरवं म्हणजे दोन्ही. हिरवे ठिपके सगळीकडेच विखुरलेले असतात, ते सोडून द्या. सलग, बोटभर लांब हिरवे पट्टे शोधा. काही गुणसूत्रांवर असे पट्टे दिसले तर साट्यालोट्याचा हिशेब बसला. सलग पिवळं भरपूर आणि हिरवा पट्टा एकही नाही, असं दिसलं तर मात्र पुन्हा लिहा.

तुमच्या पत्रासोबत आणखी तीन-चार पत्रांचं उत्तर इथेच देतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. अशा जोडप्याच्या मुलात आई आणि वडील दोघांकडून तोच तुकडा आलेली ठिकाणं असतात, मिळून सुमारे २२० सेंटिमॉर्गन. जीईडीमॅचवर 'आर युअर पेरेंट्स रिलेटेड' नावाची सोय हेच मोजते. त्या मुलाची कुणाशीही तुलना केली की आकडा फुगून येतो.

शिवाय जातीतल्या जातीत लग्नं. २०१७ साली नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक समूहांपैकी ८१ समूह असे निघाले, जे फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही कमी संस्थापक पूर्वजांतून आले होते. म्हणून आपल्या मॅचच्या यादीत 'थर्ड कझिन' म्हणून दिसणारा माणूस प्रत्यक्षात कोणत्याही एका पूर्वजाकडून नाही, वीस पूर्वजांकडून थोडाथोडा जुळत असतो. एकूण बेरजेकडे आधी पाहू नका, सगळ्यात लांब तुकडा पाहा. ९० सेंटिमॉर्गन तीन तुकड्यांत आणि त्यातला मोठा ४५ चा असेल तर फोन करा. तेच ९० नऊ तुकड्यांत आणि मोठ्यात मोठा १३ चा असेल तर चहा घ्या आणि पुढची मॅच पाहा. ७ च्या खालचे तुकडे तर धरूच नयेत, त्यातले बरेच योगायोगाचे असतात.

प्रश्न : नऊ नातेवाइकांची किट माझ्याकडे आहेत. कुणाचा पासवर्ड कुठला ते विसरतो. आत्याच्या खात्याचा ओटीपी तिच्या जुन्या नंबरवर जातो आणि ते सिम बंद पडलं. यातून बाहेर कसं पडायचं? (धरमपेठ)

सिमपासून सुरू करा. रिचार्ज न केलेलं, ९० दिवस न वापरलेलं सिम कंपनी बंद करू शकते, आणि तो नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. म्हणजे आत्याच्या डीएनए खात्याचा ओटीपी उद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल. साइटच्या मदत कक्षाला किट क्रमांक आणि आत्याचा ईमेल देऊन नंबर बदलून घ्या. यापुढे शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा, आणि ॲप लावताना मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून संमतीपत्राबरोबर कपाटात ठेवा.

ईमेल नऊ नको. जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी अधिकचं चिन्ह लावून पुढे काहीही लिहिलं तरी मेल मूळ खात्यातच येते. अर्थात ज्या नातेवाइकाला स्वतःचा ईमेल वापरता येतो, त्याचं खातं त्याच्याच नावाने हवं. अँसेस्ट्री या डीएनए साइटवर खातं त्याचं ठेवून तुम्हाला नुसतं बघण्याचा, सोबत काम करण्याचा किंवा पूर्ण सांभाळण्याचा अधिकार देता येतो. बहुतेक वेळा मधला पुरतो.

आता तक्ता. एका शीटमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ. पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर. ओळ अशी दिसावी:

व-३ | बाबांची थोरली बहीण, आत्या | जन्म १९४९ | कंपनी | किट क्रमांक | ईमेल | संमती तारीख | कुठे कुठे चढवलं | हिच्यानंतर कोण

व म्हणजे वडिलांकडची बाजू, आ म्हणजे आईकडची. फाइलीचं नावही हेच कोड, पूर्ण नाव नको.

नातं मराठीतच लिहा. इंग्रजीतला 'फर्स्ट कझिन' आपल्याकडे चार जणांत वाटलेला आहे आणि तो फरक इथे कामाला येतो. पुरुषाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. म्हणून दोन चुलत भावांचं एक्स त्यांच्या वडिलांच्या बाजूने जुळूच शकत नाही, मावसभावांचं जुळू शकतं. तुम्ही पुरुष असाल तर मामेबहिणीशी एक्स जुळू शकेल, मामेभावाशी त्या बाजूने नाही, कारण मामाने आपलं एक्स मुलाला दिलेलंच नसतं. तक्त्यात 'कझिन' लिहून ठेवलंत तर सहा महिन्यांनी हे काहीच काढता येणार नाही.

शेवटी मूळ डेटाची फाइल. प्रत्येकाची उतरवून ठेवा, कंपनीच्या साइटवरच राहील या भरवशावर बसू नका. फाइल झिप असते, काही एमबीची. आत सहा-सात लाख ओळी: खुणेचं नाव, गुणसूत्र, जागा, अक्षरं. ती एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' करू नका. जुन्या एक्सेलमध्ये ६५,५३६ ओळींपुढचं सगळं कापलं जातं. नव्यात ओळी मावतात, पण अवतरणचिन्हं गळतात आणि दुसरी साइट ती फाइल नाकारते. मॅकवर सफारी झिप आपोआप सोडवतं, ती सोय बंद ठेवा. दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. व्हॉट्सॲपवर एकही नको.

प्रश्न : काकूंची चाचणी मी करून दिली. आता पुण्याचा चुलतभाऊ त्यांची फाइल आणखी दोन साइटवर चढवू म्हणतो. काकू म्हणतात, 'तुला जे करायचं ते कर बाबा.' एवढं पुरे का? (कामठी)

नाही. काकूंनी होकार तुम्हाला दिला, चुलतभावाला नाही, आणि कशाला दिला हे त्यांना माहीत नाही. एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, वेगवेगळ्या ओळी लिहा आणि प्रत्येकीपुढे हो किंवा नाही त्यांच्याच हाताने लिहून घ्या: चाचणी करायची का. मॅचना माझं नाव दिसू द्यायचं का, की कोड. दुसऱ्या साइटवर चढवायचं का, आणि कोणत्या. कंपनीच्या संशोधनात वापरू द्यायचं का. पोलिसांच्या शोधासाठी खुलं ठेवायचं का. आरोग्याबद्दल काही निघालं तर मला सांगायचं का. नात्याबद्दल अनपेक्षित निघालं तर मला सांगायचं का. माझ्यानंतर हे कोण बघेल. खाली सही, तारीख.

पोलिसांची ओळ गंमत म्हणून नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जुन्या खुनांचा आरोपी जीईडीमॅचवरच्या लांबच्या नातेवाइकांवरून सापडला. त्यानंतर तिथे प्रत्येक किटला खासगी, संशोधनापुरतं, आणि पोलिसांच्या शोधासह किंवा त्याविना खुलं, असे पर्याय आले. काकूंचं किट चढवणारा हा पर्याय काकूंसाठीच नाही, त्यांच्या मुलाबाळांसाठी आणि माहेरच्यांसाठीही निवडत असतो.

कंपनीच्या भरवशाबद्दलही बोलून घ्या. ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये बाहेर गेली, मुख्यतः लोकांनी दुसरीकडचेच पासवर्ड पुन्हा वापरल्यामुळे. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मृत्यू किंवा असमर्थतेनंतर आपले हक्क बजावण्यासाठी माणूस नेमायची तरतूद करतो, पण परदेशी साइटवर तिचीच वारसाची सोय भरून ठेवणं जास्त उपयोगी. फॅमिली-ट्री-डीएनएच्या खात्यात त्यासाठी वेगळा रकाना आहे. बहुतेकांचा तो कोरा असतो.

प्रश्न : एकच आडनाव, एकच गाव, भाऊबंदकी पक्की. तरी माझा वाय गट आर१ए आला आणि त्यांचा एच. चूक कुणाची? (काटोल)

चूक कुणाची, हा प्रश्नच जरा घाईचा आहे. वाय गट म्हणजे वाय गुणसूत्रावरून ओळखली जाणारी बापाकडची शाखा. हे दोन गट हजारो वर्षांपूर्वी वेगळे झाले, म्हणजे भाऊबंदकीच्या काळात दोघांचा बापाकडून सरळ येणारा पूर्वज एक नाही. पण त्याला कारणं अनेक. पहिलं दत्तक. बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेतला की आडनाव चालू राहतं, वाय बदलतं. तिसऱ्या रघुजींना पुत्र नव्हता आणि १८५३ मध्ये ते वारल्यावर इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. आपल्या पणजोबांचं दत्तकविधान मात्र घरात कुणाला माहीत नसतं. दुसरं घरजावई. तिसरं, गावावरून पडलेलं आडनाव. '–कर' लावणारी दोन घरं एका कुळातली असतीलच असं नाही.

तुटलं कुठे हे शोधायला तिसऱ्या शाखेतल्या एका पुरुषाची चाचणी करा. तो ज्याच्याशी जुळेल, त्याच्या विरुद्ध शाखेत कागद शोधा: वारस फेरफार आणि असलंच तर नोंदणीकृत दत्तकपत्र. तिसराही वेगळा निघाला तर आडनाव गावाचं आहे, कुळाचं नाही, हा अंदाज जास्त बळकट. आणि हे सगळं होईपर्यंत भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नको.

प्रश्न : जात वैधतेच्या प्रकरणात डीएनए अहवाल जोडला तर फायदा होईल का? (उमरेड)

होणार नाही. वाय गट किंवा माता-गट (आईकडून सरळ येणारी शाखा) कुठल्याही जातीची ओळख नाही, एकच गट दहा जातींत सापडतो. शिवाय घरी थुंकून पाठवलेल्या नमुन्याला तो कुणाचा याचा साक्षीदार नसतो. समितीला लागते वंशावळ शपथपत्रावर आणि तिला जोडणारे जुने कागद: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल आणि शाळेतून दाखल-खारीजचा उतारा मागा. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे नोंद हिंदीत असू शकते आणि नावाचं स्पेलिंग वेगळं. कुटुंब बालाघाट, शिवनी किंवा छिंदवाड्याकडचं असेल तर मूळ कागद तिथल्याच कचेरीत मिळेल.

हेच कागद तुमच्या डीएनएच्या तक्त्यालाही लागणार आहेत, तेव्हा नकला काढताना दोन काढा.